काकींचं ऊन आणि नीताचा जनरेटर

विजेवरच्या गाडीने कोकणात जाऊ नका, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस माझ्या शेजारीच बसून पोळीभाजी खात होता. विलासराव. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण ब्लॉगवर 'अहो, अहो' करत बसले तर वाचणाऱ्याला वाटेल त्यालाच हाक मारतेय. तेव्हा इथे विलासराव. विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात ते बत्तीस वर्षं कोळसा विभागात होते. वाघिणीतून आलेला कोळसा पट्ट्यावरून पुढे जात राहिला पाहिजे, पट्टा थांबता कामा नये, हे त्यांचं काम. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि आम्ही पुण्याला लेकीजवळ राहायला आलो.

मे महिन्यात लेक ऑफिसच्या कामाला परदेशी गेली आणि तिची विजेवरची गाडी पार्किंगमध्ये धूळ खात पडली. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, नीताचा, रत्नागिरीहून फोन आला. नीता रत्नागिरी शहराबाहेर, पावसच्या रस्त्यावरच्या एका वाडीत राहते. तिचा नवरा प्रशांत तेलवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये असतो, वर्षाचे आठ-नऊ महिने समुद्रावर. घरी नीता आणि तिच्या सासूबाई. नीता हापूसचा रस काढते, डीप फ्रीझरमध्ये साठवते आणि वर्षभर हॉटेलांना नि आइस्क्रीमवाल्यांना पुरवते. पण त्या बाजूला मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की फ्रीझर नुसता कण्हतो, आणि जरा वारा सुटला की लाइनच जाते. म्हणून प्रशांतने जनरेटर घेऊन दिला होता. तो डिझेल असं प्यायचा की सीझन संपल्यावर नीताच्या हाताला फक्त आंब्याचा वास उरायचा. शेवटी तिने घरच्यांशी भांडून जानेवारीत सोलर आणि बॅटरी बसवून घेतली. फेब्रुवारी-मार्चमध्ये छान चाललं. आणि आता भर मे महिन्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, बॅटरी संध्याकाळपर्यंत अर्धीसुद्धा भरत नव्हती.

"ताई, भावोजींना घेऊन ये," नीता म्हणाली. "रविवारी जनरेटर न्यायला गिऱ्हाईक येतंय, मी शब्द देऊन बसलेय. आणि प्रशांतला कबूल केलंय, की या सीझनला डिझेलशिवाय जमलं नाही तर फ्रीझर विकायचे आणि धंदा बंद करायचा."

विलासराव म्हणाले, मी कोळशाचा माणूस, मला सोलरमधलं काय कळतंय. एवढं म्हणून ते माळ्यावरून बॅग काढायला गेले.

गुरुवार: पुणे ते रत्नागिरी

पहाटे साडेपाचला पूर्ण भरलेल्या गाडीने निघालो. ज्यांना अशी गाडी घेऊन जायचं आहे त्यांच्यासाठी सांगते: पुण्याहून कराड, तिथून कोकरूड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. कराडपर्यंत चार्जिंगची चिंता नाही. कराडच्या पुढे मात्र कुणाच्या भरवशावर राहू नका, तिथेच गाडी काठोकाठ भरून घ्या. आम्ही हायवेवरच्या एका हॉटेलात थांबलो. चार्जरने पहिल्यांदा आम्हाला ओळखच दिली नाही. शेजारच्या गाडीतल्या कोल्हापूरच्या बाईंनी सांगितलं, चार्जरची गन काढा, लाल बटण दाबा, पुन्हा लावा. लागली. पन्नास मिनिटं आणि पाचशेच्या आसपास रुपये. तेवढ्यात दोघांची मिसळ, ताक आणि विलासरावांची एक वामकुक्षी झाली.

"हिच्यात पेट्रोल नाही, पण पळतेय माझ्याच कोळशावर," हा विनोद त्यांनी खंबाटकीला केला, साताऱ्याला केला, कराडला त्या कोल्हापूरच्या बाईंनाही ऐकवला. चौथ्यांदा मी म्हटलं, मग उतरा आणि चार बुट्ट्या कोळसा टाका.

हसणं झालं, पण त्या विनोदामागे काय आहे ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात एक शिकलेला मुलगा त्यांना सगळ्यांसमोर म्हणाला होता, काका, तुमच्या पिढीने पृथ्वी भट्टीत घातलीत. विलासराव जिलबीची वाटी हातात धरून उभे होते. ज्या माणसाने भर दिवाळीत रात्रपाळ्या केल्या, ज्याची छाती त्या धुळीने आजही पहाटे खोकते, त्याला असं बोललेलं मला फार लागलं होतं. अजूनही लागतं.

मलकापूरच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसे ते आपणहून बोलायला लागले. कोळसा जाणार, म्हणाले. जायलाच पाहिजे, माझा खोकला ऐकतेसच. आमच्याकडचा जुना वीजनिर्मिती संच बंद झाला तेव्हा वाईट वाटलं, पण चूक वाटलं नाही. फक्त लोक बोलतात तसं बटण दाबून होणार नाही ते. संध्याकाळी सात वाजता अख्खा महाराष्ट्र दिवे लावतो, मिक्सर लावतो, टीव्ही लावतो. तेव्हा सूर्य घरी गेलेला असतो, आणि ती वेळ आजवर कोणी सांभाळली ते तरी लक्षात ठेवा. मी म्हटलं, बॅटऱ्या आहेत की आता. ते म्हणाले, तेच बघायला तर चाललोय.

आंबा घाटात रुंदीकरणाचं काम चालू आहे, धूळ भरपूर आणि मध्येमध्ये एकेरी वाहतूक, तेव्हा अर्धा तास जास्त धरा. पण या घाटाने आम्हाला एक मजा दाखवली. उतरताना ब्रेकबरोबर गाडी बॅटरी भरून घेते. घाटमाथ्यावर बावन्न टक्के होती, साखरप्याला पोचेस्तोवर पंचावन्न झाली. विलासराव त्या आकड्याकडे असे बघत होते की मला वाटलं आता मागे फिरून पुन्हा घाट उतरा म्हणतात की काय. जाताना मिळालं ते येताना चढावर व्याजासकट जातं, हेही ध्यानात ठेवा.

रत्नागिरीत जेवून, भाट्याचा पूल ओलांडून चारच्या सुमाराला वाडीवर पोचलो. नीताचं घर कौलारू, त्याला लागून रस काढायची शेड, शेडवर स्लॅब आणि स्लॅबवर सोलरच्या तीन रांगा. अंगणाच्या दक्षिणेच्या कडेला सिमेंटच्या चौथऱ्यावर, चार पत्र्यांच्या छपराखाली, तो जनरेटर. नीताने आधी पाणी द्यायच्या ऐवजी मोबाइल दिला. त्यातल्या अ‍ॅपवर बॅटरी दिसत होती, एक्केचाळीस टक्के.

साडेसहाला व्होल्टेज पडलं. नीताने थोडा वेळ बॅटरीवर फ्रीझर ढकलले, मग निमूटपणे जाऊन जनरेटर चालू केला. त्या आवाजात बोलणं अशक्य. आम्ही ओटीवर बसून एकमेकांकडे बघत चहा प्यायलो. नीताच्या सासूबाई, त्यांना सगळे काकी म्हणतात, सत्तरीच्या, काटक, कंबरेला पदर खोचलेल्या. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "वाजतां, पण चालतां. माझ्या प्रशांतने आणलान तो." नीताने ते ऐकलं नसेल, पण तिला ते रोजचंच असावं, कारण ती दुसरीकडे बघत होती. मी उठून पदराने तिच्या मानेवरचा घाम टिपला.

शुक्रवार: मिरकरवाडा, आणि परत

सकाळी सातला विलासराव स्लॅबवर गेले. मीही गेले. पॅनेल दक्षिणेकडे उतरती बसवलेली, खालची रांग गुडघ्याच्या जरा वर. त्यांनी खालच्या काचेवरून बोट फिरवलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि जिभेला लावलं. कोळशाचंही ते असंच करायचे; चोळून बघून कुठल्या खाणीचा ते सांगायचे, फक्त चाटायचे नाहीत. "खारट आहे," म्हणाले. मी म्हटलं, समुद्र चार हातांवर आहे, खारा वारा. ते "हं" म्हणाले, पण त्यांचं ते "हं" मी तीस वर्षं ऐकतेय, त्यात पटलेलं काही नव्हतं. नीता खालून सांगत होती की कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा संध्याकाळी, आणि सगळं ठीक आहे, ढग असतील असं म्हणून गेला.

नीताला सीझनमध्ये रोज दहा ते चार शहरात माल पोचवायचा असतो. त्या दिवशी तिचा टेम्पो पुढे आणि आमची गाडी मागे. तिच्या घरच्या प्लगवर गाडी लावायची विलासरावांची छाती झाली नाही, फ्रीझरच्या तोंडचा घास नको म्हणाले. म्हणून शहरातल्या एका हॉटेलच्या चार्जरवर थोडी भरून घेतली आणि मिरकरवाडा बंदरावर गेलो. तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा आणि चांगल्या चपला घालू नका. मे संपला की मासेमारी बंद होते, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांची घाई होती. बर्फाचा चुरा, टोपल्या, लिलावाची ओरड, आणि या सगळ्यावर डिझेलचा वास. मी एक मध्यम सुरमई घेतली आणि फसले नाही, असं नीता नंतर म्हणाली.

विलासरावांनी एका तांडेलाला गाठलं. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. त्याला विचारलं, विजेवरची बोट येईल का हो? तो मनमोकळा हसला. चार-पाच दिवस खोल समुद्रात असतो, तिथे प्लग कुठे शोधू, म्हणाला. पण मग त्याने केबिनच्या टपावर बसवलेलं एक छोटं पॅनेल दाखवलं. वायरलेस, दिवे, मोबाइल, सगळं त्यावर. जेवढं त्याला देता येतं तेवढं त्याला दिलंय, बाकीचं डिझेल बघतंय, असं त्याचं म्हणणं. विलासरावांना ते उत्तर फार आवडलं. माणूस पट्ट्यावर चालला असता, असं ते म्हणाले, आणि ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी पदवी आहे.

पण त्यांचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये होतं. नीताचं अ‍ॅप त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतलं होतं. सकाळपासून वीजनिर्मितीची रेघ चढत होती. बाराला दहा मिनिटं असताना ती धपकन खाली आली. मी वर बघितलं; आभाळ स्वच्छ. "ढगाने रेघ अशी पडत नाही," ते म्हणाले. "हे कोणीतरी केलंय. चल." नीताची कामं व्हायची होती. तिला काही न सांगता आम्ही परत फिरलो.

अंगणात शिरलो तर शेडमध्ये रस काढायला येणाऱ्या दोघी बायका आंब्याच्या कोयी काढता काढता एकदम गप्प झाल्या. आम्ही जिना चढून स्लॅबवर गेलो.

पॅनेलच्या खालच्या रांगेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लालभडक सोलं पसरलेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रातांबे फोडून त्यांची सालं मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, अशी पाच-सहा पुटं दिली की आपलं आमसूल होतं. काकी हातात रसाचं पातेलं घेऊन उकिडव्या बसल्या होत्या आणि एकेक साल उलटत होत्या. आम्हाला बघून दचकल्या नाहीत.

"चपला काढू नका, पाय भाजतील," एवढंच म्हणाल्या.

विलासराव त्यांच्याशेजारी खाली बसले. कधीपासून, असं विचारलं. पहिले रातांबे उतरले तेव्हापासून, काकी म्हणाल्या. कातळावर पाच दिवस लागतात, इथे दोन दिवसांत कडक होतात, काच तापते ना. चार वाजायच्या आत उचलून ठेवते, काच पुसूनही घेते. वरच्या दोन रांगांना हात लावलेला नाही, त्या सूनबाईच्या. म्हणजे त्यांच्या मते त्यांनी न्यायाने वाटणी केली होती.

मग विलासरावांनी त्यांना गणपतीतल्या दिव्यांच्या माळेचं सांगितलं. जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ जायची, तसंच हे. या रांगा एकमेकींना जोडलेल्या आहेत. एकीवर झाकण पडलं की तिच्या माळेतल्या बाकीच्याही मंदावतात. वर तुमचं मीठ रोज काचेवर बसतंय, ते पुसून पूर्ण जात नाही. काकींनी सगळं ऐकलं. हातातलं साल उलटून ठेवलं. मग बोलल्या, आवाज न चढवता.

"ही शेड बांधली तेव्हापासून माझी सोलं ह्याच स्लॅबवर सुकतायत, पावणे. आंगणात दोन वाजता आंब्याची सावली येते, कातळ लांब, गुडघे चालत नायत. हितं काचा बसवल्यान, मला कोणी विचारलान नाय. ऊन काय तिच्या एकटीचां हाय?"

मला वाटलं आता विलासराव समजूत घालतील, निदान नीताच्या धंद्याचं सांगतील. त्यांनी उठून काकींबरोबर सोलं गोळा करायला सुरुवात केली. मीही वाकले. साडी डागाळली ती कायमची.

नीता साडेचारला आली, बॅटरी बघितली आणि आत गेली. विलासराव तिला म्हणाले, कारण सापडलंय, उद्या सकाळी सांगतो, आजचा दिवस जनरेटर लाव. मला राग आला. संध्याकाळी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा मी विचारलंच, की बहीण माझी रडकुंडीला आलीय आणि तुम्ही उद्यावर काय ढकलता?

त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. मग म्हणाले, "आमच्या जळलेल्या कोळशाच्या राखेचा तलाव होता ना, वसाहतीच्या मागे. त्याच्या खाली एका गावाची शेतं होती. त्या गावातल्या बायका आपल्याकडे भाजी विकायला यायच्या. बत्तीस वर्षं त्यांच्याकडून मेथी घेतली मी. तुमची जमीन कुठे होती, एवढंसुद्धा एकीला विचारलं नाही." पुढे म्हणाले, "आज सांगितलं असतं तर नीता चिडली असती आणि म्हातारी चोर ठरली असती. ती चोर नाही."

मी त्यांचा हात धरला. आमच्या वयाला भर किनाऱ्यावर ते शोभत नाही, पण धरला.

शनिवार: लाइन गेली

सकाळी चहाच्या वेळी काकींना समोर बसवून त्यांनी नीताला सगळं सांगितलं. सांगताना सुरुवात सोलांपासून केली नाही, स्लॅबपासून केली: ही जागा आधी कशाची होती, हे विचारून. नीताला आधी समजेना, मग तिचा चेहरा लाल झाला. "आई, मी त्या कंपनीच्या पोराला फोनवर काय काय बोलले," ती म्हणाली, "आणि शेडमधल्या दोघींना हे माहीत होतं?" माहीत होतं. शेजारच्या घरालाही माहीत होतं. सासू-सुनेच्या मध्ये कोण पडणार? नीता उठून विहिरीपाशी गेली आणि तिथे रडली. मी तिच्यामागे गेले. ती म्हणाली, ताई, मला राग त्यांचा नाही येत गं, खरंच मी विचारलं नव्हतं, सुचलंच नाही.

परत आली ती बादली आणि फडकी घेऊन. चौघांनी मिळून तिन्ही रांगा धुतल्या. गोड्या पाण्याने, तीन वेळा. पाणी पहिल्यांदा गुलाबी आलं. विलासरावांनी मागल्या दारी पडलेले बांबू आणि जुन्या जाळ्याचे तुकडे जोडून अंगणात काकींसाठी एक मांडव उभा केला, जाळ्यावर सोलं पसरली. काकींनी कौतुक केलं. दोन वाजता आंब्याची सावली बरोबर मांडवावर आली, तेव्हा त्यांनी विलासरावांकडे फक्त एकदा बघितलं.

आणि त्याच सुमाराला वारा सुटला. पाऊस नाही, नुसता वारा. वळणावर फणसाची फांदी विजेच्या तारांवर पडली आणि अख्ख्या वाडीची वीज गेली. लाइनमन येऊन मान हलवून गेला. उद्याशिवाय काही होत नाही. बॅटरी तेव्हा सत्तरच्या वर होती. पाचपर्यंत ब्याण्णव झाली. इतकी ती मार्चनंतर भरलीच नव्हती.

प्रश्न मात्र आता सरळ होता. दोन फ्रीझर, सगळ्या सीझनचा रस, आणि सकाळपर्यंतची वेळ. जनरेटरच्या टाकीत डिझेल होतं. काकी म्हणाल्या, लावा. नीताने विलासरावांकडे बघितलं. मला त्यांची दया आली, कारण बत्तीस वर्षं 'चालू ठेवा' एवढंच त्यांना माहीत. ते फ्रीझरपाशी गेले, झाकणाची रबरं दाबून बघितली, घरातले पंखे नि दिवे बंद करायला लावले, नीताला सांगितलं की आता सकाळपर्यंत झाकण उघडायचं नाही, आणि म्हणाले, "राहू दे. वीस टक्क्यांच्या खाली गेली तर लावू." आम्ही कंदील लावून सुरमईचं कालवण आणि उकड्या तांदळाचा भात जेवलो. इतक्या शांततेत मी त्या घरात पहिल्यांदाच जेवत होते.

रविवार

सहाला जाग आली तेव्हा नीता ओटीवर मोबाइल घेऊन बसली होती. तेवीस टक्के. फ्रीझरचा आवाज येत होता. तिने हाताने नुसती खूण केली, बस. सूर्य सह्याद्रीच्या बाजूने येतो, त्याला पॅनेलवर पोचायला सात वाजतात. साडेसहाला एकवीस झाले. नीता उठून जनरेटरपाशी जाऊन उभी राहिली, किल्लीला हात लावून.

तेवढ्यात स्लॅबवर काहीतरी हललं. काकी होत्या. पहाटेचं दव काचांवर बसलं होतं आणि त्या आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने एकेक काच कोरडी करत होत्या, वरच्या रांगेपासून. गुडघे धरत, थांबत. "दव असला तर ऊन लागत नाय नीट," वरूनच म्हणाल्या. "तू किल्ली सोड गो."

नीताने किल्ली सोडली. एकवीसवर आकडा बराच वेळ थबकला, सव्वासातला बावीस झाला. विलासराव एवढ्या मोठ्याने "चढली" म्हणाले की शेजारचा कुत्रा भुंकला. साडेअकराला लाइन आली तेव्हा बॅटरी सत्तरला होती आणि रस दगडासारखा गोठलेला होता.

बाराला जनरेटरचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. बंदरावर बोटींच्या दुरुस्तीची शेड आहे त्यांची. नीता हसत पुढे झाली, आत्ताच न्या म्हणाली. आणि अडवलं कोणी, तर विलासरावांनी. चार महिने पावसाळा आहे, ते म्हणाले; आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा ही बॅटरी तुला तारणार नाही. दसऱ्यानंतर दे. नीताला ते आवडलं नाही. मलाही वाटलं, झालं, शेवटी कोळसा बोलला. पण खोटं काही बोलले नव्हते ते.

गिऱ्हाईक भला माणूस, दसऱ्याला कबूल झाला. तो जायला निघाला तेव्हा काकी चौथऱ्यापाशी गेल्या. त्यांनी छपराच्या सावलीतून बाहेर हात काढून ऊन बघितलं, वर झाडांकडे बघितलं, पावलांनी चौथरा मोजला. मग त्याला विचारलं, "पत्रे पण काढून नेशील काय रे?"

नीता आधी बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

परत, आणि नंतर

येताना चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने आलो. चढावर बॅटरी भराभर उतरते, चिपळूणला भरून घ्या. पोफळीवरून जाताना विलासराव कोयनेच्या वीजघराबद्दल भरभरून बोलले, आणि मग जरा वेळाने म्हणाले की त्या पाण्याखालीही गावं आहेत. पाटणपर्यंत त्यांनी विनोद केला नाही.

हे सगळं लिहायला दिवाळी उलटली. पावसाळ्यात जनरेटर सहा वेळा लावावा लागला, त्यातला एकदा सलग दोन दिवस. नीताने ते लपवलं नाही आणि विलासरावांनी मिरवलं नाही. फ्रीझर विकले नाहीत. दसऱ्यानंतर जनरेटर गेला, पत्रेही गेले. काकींचा मला स्वतःहून फोन आला: चौथऱ्यावर उकड्याचं भात वाळत घातलंय, पाचपर्यंत ऊन असतं.

मला विचाराल तर, कोळसा नि डिझेल जाऊन सगळं उन्हावर चालेल का, याचं उत्तर मला रत्नागिरीत मिळालं नाही. बरंचसं चालेल, आणि उरलेल्यासाठी भांडावं लागेल, एवढं वाटतं. विलासराव मात्र बदलून आले. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती, गच्चीवर सोलर बसवायचा विषय. कंपनीच्या मुलाने पडद्यावर छान चित्रं दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या, ठराव वाचायला घेतला. विलासराव उभे राहिले. मला वाटलं, आता कोळशाची कैफियत. ते म्हणाले, बसवाच, माझं अनुमोदन आहे, पण त्याआधी मला एक सांगा, आपल्या गच्चीवर सध्या काय काय वाळतं आणि कोण वाळत घालतं?

लोक हसले. सेक्रेटरी म्हणाले, काका, हा विषय नाही आजचा. विलासराव बसले नाहीत. मग मागच्या रांगेतून, पापड-कुरडया करून विकणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी हळूच हात वर केला. आम्ही इथे आल्यापासून त्या सभेत एकदाही बोललेल्या मला आठवत नाहीत. विलासराव त्यांना पुढे या म्हणाले आणि आपली खुर्ची त्यांना दिली.